उजव्या बाजूची गिटार

सदानंद टिपणीसांना राग आला की ते वस्तू नीट लावायला घेतात. ओरडत नाहीत, आपटत नाहीत. चपला जोडीने लावतात, उशा सरळ करतात, चमचे एका रांगेत ठेवतात. अनुराधाबाईंना हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यामुळे आखातात, खलिफा सिटीतल्या त्यांच्या घरात निरोपाची पार्टी ऐन रंगात आलेली असताना आपला नवरा कागदी प्लेटांची चळत पुन्हा पुन्हा सारखी करतोय हे पाहून त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

पार्टी सदानंदरावांचीच होती. ते कॅन्सल होऊन परत चालले होते. आखातात माणूस निवृत्त होत नाही, कॅन्सल होतो. व्हिसा रद्द झाला की आयुष्यभराचा संसार कार्गोच्या खोक्यांत भरायचा आणि चालायला लागायचं. जाणाऱ्याला मराठी मंडळाने निरोप द्यायचा ही तिथली रीत. प्रत्येक घरून एकेक पदार्थ, एक केक, काचेतला सोनेरी उंट आणि भाषणं. मंडळाच्या लतिका सामंत भाषण संपवून डोळे पुसत होत्या, तेवढ्यात सुजीतने त्यांच्या हातातला माइक घेतला.

सुजीत हा सदानंदरावांचा मुलगा. रुवैसच्या शाळेत शिकला, दुबईत नोकरीला लागला, मराठी समजतं पण बोलताना वाक्याच्या मध्येच इंग्रजीत उतरतो.

"एक सरप्राइज आहे," तो म्हणाला. "बाबांची आणि इद्रीस अंकलची जुनी टेप. मी स्वतः डिजिटल केलीये. कम्प्लीटली रिस्टोअर्ड." मग तो कोपऱ्यातल्या सोफ्याकडे वळला. "मुनिबा, धिस इज युअर फादर प्लेइंग."

सोफ्यावर बसलेली मुनिबा एकदम ताठ झाली. इद्रीसची मुलगी ती. शारजात रोल्ला भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि एवढा रस्ता तुडवून फक्त याच्यासाठीच आली होती. तिने डोळे मिटून घेतले.

स्पीकरमधून गिटार वाजू लागली. स्वच्छ, खणखणीत. आणि सदानंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि हात प्लेटांच्या चळतीकडे वळला, कारण ती गिटार एकच होती, आणि ती त्यांची होती.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगितल्याशिवाय या रागाचा अर्थ लागायचा नाही. सदानंदराव मूळचे चिंचवडचे, इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनियर. तरुणपणी रुवैसच्या रिफायनरीत आले, तेव्हा तिथे अलाबामाचा हॉलिस नावाचा एक सुपरवायझर होता. जाताना तो आपल्या कॅसेट्सचं खोकं कॉलनीच्या रिक्रिएशन हॉलमध्ये सोडून गेला. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, सत्तरच्या दशकातलं रॉक संगीत. चिंचवडच्या माणसाला त्याचं काय, असं कुणीही म्हणेल. पण रुवैसला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मध्ये कधीच न विझणारी रिफायनरीची ज्योत. गाणी होती रस्त्याची, ट्रकची, घामाची, घर मागे टाकून आलेल्या माणसाची. ती परकी वाटेनात. शिवाय त्या गाण्यांना घाई नव्हती. दोन-दोन, तीन-तीन गिटारी. एक बोलतेय, दुसरी तिला मध्येच तोडतेय, मग दोघी हातात हात घालून निघाल्यात. आत्ता ते ऐकायचं म्हणून मोबाइल उघडावा तर तो विचारतो, तुमचा मूड काय आहे? माझा मूड तुझ्या बापाला विचार, असं सदानंदरावांना दर वेळी म्हणावंसं वाटतं.

त्या खोक्यावर दुसरा जो तुटून पडला तो इद्रीस. पेशावरचा, वेल्डिंग इन्स्पेक्टर. लहानपणी मामाकडे रबाब शिकलेला. हॉलिस असतानाच त्याने एकदा विचारलं होतं की या बँडवाल्यांच्या मागे हा झेंडा कसला? हॉलिस नजर चुकवून म्हणाला, गुलाम ठेवणाऱ्यांचा. खोकं हाती आलं त्याच दिवशी इद्रीसने प्रत्येक कॅसेटच्या कव्हरवरचा झेंडा काळी टेप लावून झाकला, आणि आत जे वाजत होतं ते मात्र जिवापाड सांभाळलं.

दोघांनी गिटारी घेतल्या. सदानंदरावांनी वर्कशॉपमध्ये स्टीलची नळी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि ती बोटात घालून तारांवरून सरकवायला ते शिकले. इद्रीसने नळी कधीच वापरली नाही. तो बोटाने तार ओढायचा, आणि ओढायचा तीही पुरती नाही. सूर अगदी उंबऱ्यापर्यंत आणायचा आणि आत घ्यायचाच नाही. ऐकणाऱ्याचा जीव तिथेच टांगून ठेवायचा. सदानंदराव घरी येऊन सांगायचे, "आपण काय, नळी फिरवणारे. खरा वाजवणारा इद्रीस."

त्यांनी एक धून बांधली, अगदी त्या दक्षिणेच्या वळणाची. हॉलमधल्या डेकवर ती टेप केली. दोन माइक, डावीकडे सदानंद, उजवीकडे इद्रीस. सुरुवातीला इद्रीसचा आवाज: "एक, दो, यल्ला!" तीन तो कधी म्हणायचाच नाही, त्याच्या जागी अरबीतलं 'चला'. पुढे वर्षभरात रुवैसच्या हायवेवर एका ट्रेलरने त्याची गाडी चिरडली. मुनिबा तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन पेशावरला गेली, ती कायमचीच.

मुनिबा मोठी होऊन शारजात आली, आणि कुठून कुठून नंबर काढून तिने गेल्या वर्षी सदानंदरावांना फोन केला. तिच्याकडे बापाचे फोटो होते. आवाज नव्हता. "बेटा," सदानंदराव म्हणाले, "तेरे अब्बू मेरे पास हैं. टेप में." टेप होती, पण ती वाजवायला घरात यंत्र उरलं नव्हतं. सुजीत म्हणाला, बाबा, मी करतो, डोंट वरी. सदानंदरावांनी दिली. पोटच्या पोरावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

धून संपली. टाळ्या पडल्या. लतिकाताई म्हणाल्या, "किती गोड! काल रेकॉर्ड केल्यासारखं वाटतंय." सदानंदरावांच्या हातातल्या प्लेटा आता इतक्या सरळ झाल्या होत्या की त्यांच्यावर पट्टी ठेवावी.

मुनिबाने डोळे उघडले. ते भरले होते, पण कपाळावर एक आठी होती. "बहुत अच्छा बजाते थे," ती हळूच म्हणाली. आणि मग, जणू आपण काही चुकीचं बोलतोय अशा आवाजात, "मुझे लगा था, मैं पहचान लूँगी."

सदानंदरावांनी सुजीतच्या दंडाला धरलं आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग अनुराधाबाईही आल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"दुसरी गिटार कुठाय?"

"कुठली?"

"उजव्या बाजूची."

"ओ, ती!" सुजीतचा चेहरा खुलला. "बाबा, यू हॅव नो आयडिया. राइट चॅनलला नुसती खरखर, कुणीतरी ओरडतंय, आणि एक गिटार फुल ऑफ-ट्यून. मी तो चॅनलच काढला. लेफ्टचा दोन्हीकडे टाकला. किती क्लीन झालंय ना?"

"कुणीतरी ओरडतंय?" सदानंदरावांचा आवाज इतका खाली गेला की अनुराधाबाईंनी ओट्याची कड धरली. "मूळ टेप कुठाय?"

"ती डेकमध्ये अडकून तुटली, मी फेकून दिली. पण तोपर्यंत माझं ट्रान्सफर झालं होतं, सो नो प्रॉब्लेम."

"मग ते आण. जसंच्या तसं."

"त्याच फाइलवर सेव्ह केलं मी. बाबा, इट्स गॉन, पण बेसूरच तर होतं..."

"बेसूर?" आता मात्र सदानंदराव ओरडले. बाहेरचं बोलणं थांबलं. "मूर्खा, ती इद्रीसची गिटार होती! तू ठेवलीस ती माझी! मेलेल्या माणसाचा उरलेला एवढासा आवाज तुझ्या हातात दिला, आणि तू तो घाण समजून पुसून टाकलास!"

सुजीतचा चेहरा पांढरा पडला. तो लहानपणी बोलायचा तशा मराठीत म्हणाला, "पण बाबा, तुम्हीच सांगायचात ना, खरा वाजवणारा इद्रीस. आपण काय, नळी फिरवणारे. एक गिटार चांगली होती, एक वाईट. मला वाटलं, वाईट ती तुमची."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच. पोराने मुनिबासाठी आपल्या बापाला पुसलं होतं, असं त्याला वाटत होतं, आणि पुसून बसला होता तिच्या बापाला. सदानंदरावांना त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण खापर आपल्याच बोलण्यावर फुटत होतं, हात उचलायलाही जागा उरली नव्हती म्हणून ते जास्तच चिडले.

"तुला कुणी सांगितलं," ते दात चावून म्हणाले, "की जे सुरात असतं तेच चांगलं? कुठल्या मशीनने शिकवलं? अरे, ती अख्खी गाणी त्या न लागलेल्या सुरावर उभी होती. घाम, धूळ, रडं, सगळं त्यात होतं. ते धुऊन काढलं की मग उरतं काय? लिफ्टमध्ये वाजतं ते!"

"अहो, हळू," अनुराधाबाई म्हणाल्या. "झालं ते झालं. तिला काय कळणारे? एवढ्या लांबून आली पोर. बापाला ऐकलं या समाधानात जाऊ दे तिला. आपण परवा निघायचंय. कशाला सांगायचं?"

सदानंदराव क्षणभर थांबले. सोपं होतं. मुनिबा घरी जाऊन ती फाइल आईला ऐकवेल. तिची मुलं ती ऐकतील. पिढ्यानपिढ्या पेशावरच्या एका घरात चिंचवडचे टिपणीस इद्रीस म्हणून वाजत राहतील. त्या विचाराने त्यांना घेरी यायची वेळ आली.

"एकदा ट्रेलरने मारला त्याला," ते म्हणाले. "पुन्हा आपण मारायचा?"

आणि ते बाहेर आले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी कुणाचीच पर्वा केली नाही. सरळ मुनिबासमोर जाऊन उभे राहिले.

"बेटा, वो तेरे अब्बू नहीं थे. वो मैं था. हमसे गलती हुई. अब्बू वाला हिस्सा मिट गया. टेप भी टूट गई."

दिवाणखान्यात एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. लतिकाताईंनी कारण नसताना केकवरची मेणबत्ती काढून ठेवली.

"तो अब कुछ नहीं है?" मुनिबाने विचारलं. रडली नाही. आवाज मात्र कोरडा पडला होता, आणि त्या आवाजात चीड होती. असायलाच हवी होती.

सदानंदराव भिंतीशी रचलेल्या कार्गोच्या खोक्यांकडे गेले. केक कापायची सुरी उचलली आणि सगळ्यात लांबट खोक्याची चिकटपट्टी टराटरा फाडली. आतून गिटार काढली. नळी शोधलीच नाही. खुर्चीवर बसून तारा जुळवल्या, कशाबशा.

"लाव रे ते तुझं स्वच्छ," ते सुजीतला म्हणाले, त्याच्याकडे न बघता.

सुजीतने फोनवर बोट ठेवलं. "एक, दो, यल्ला!" सदानंदरावांनी स्वतःच म्हटलं आणि पाय आपटला. स्पीकरमध्ये त्यांची तरुणपणची गिटार सुरू झाली आणि खुर्चीवर बसलेले म्हातारे सदानंदराव त्यांचं स्वतःचं नाही, तर इद्रीसचं वाजवू लागले. टेप करण्याआधी कितीतरी महिने ते समोर बसून ऐकलेलं होतं. बोटांची कातडी केव्हाच मऊ झाली होती, तार बोटात रुतत होती. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा स्वतःलाच शिवी हासडली, चारचौघांत, मंडळाच्या बायकांसमोर. राग इतका होता की तार पुरती ओढायचाही धीर नव्हता. कदाचित त्यामुळेच असेल, सूर वर चढता चढता उंबऱ्यावर अडकला आणि आत गेलाच नाही.

मुनिबा उभी राहिली.

तिचा हात तोंडावर गेला. मग हात खाली आला आणि ती गुणगुणू लागली. सदानंदराव वाजवत होते त्याच्या बरोबरीने नाही, त्याच्या पुढे. त्यांना आठवायच्या आधी तिला पुढचं वळण माहीत होतं. एका जागी ते विसरले तर तिने ती जागा भरून काढली.

"ये तो अम्मी गाती हैं," धून संपल्यावर ती म्हणाली. आता मात्र गालांवरून पाणी वाहत होतं. "रोटी बनाते वक़्त. कहती थीं, तेरे अब्बू नहाते हुए यही गाते थे. हमें लगता था पूरा गाना है. हमें क्या पता, आधा है."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनुराधाबाईंनी पदराने डोळे टिपले. सुजीत भिंतीला टेकून उभा होता. मग तो दोन पावलं पुढे आला आणि फोन हातात घेऊन थबकला.

"बाबा, रेकॉर्ड करू?"

सदानंदरावांचा राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, तो ते सामानाबरोबर चिंचवडला नेणार होते. पण त्यांनी बोटावर आलेलं रक्त शर्टाला पुसलं आणि गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

"कर," ते म्हणाले. "माझ्या चुका राहू देत. शिवी राहू दे. एसीची घरघर राहू दे. यातलं काही एक साफ केलंस ना, तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

"नाही करणार, बाबा."

"और अंकल," मुनिबा मध्येच म्हणाली, "इस बार मशीन बंद कर दीजिए. आप वाला नहीं चाहिए."

सदानंदरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतः उठून त्यांनी स्पीकरची वायर भिंतीतून उपटली आणि खुर्चीवर परत येऊन बसले.

"एक, दो," ते म्हणाले आणि थांबले.

"यल्ला," मुनिबा म्हणाली.