सहदेवची शेड

दर्यावर असताना सहदेवचा खांदा निखळला आणि जाळं ओढणं कायमचं सुटलं. मग तो गोव्यात एका कारखान्यात फायबरच्या होड्या बनवायला शिकला. परत आल्यावर मालवणात, समुद्रापासून थोड्या आतल्या नव्या वसाहतीत त्याने घर बांधलं. घराच्या बाजूला पत्र्याची शेड घातली आणि तिथेच होड्यांची दुरुस्ती सुरू केली. तेव्हा आजूबाजूला नुसते माड आणि गवत होतं. पुढे घरं उभी राहिली. पूर्वेच्या अंगाला, कुंपणाला लागून, सत्यवानचं घर झालं. तो पोस्टात होता, सहदेवपेक्षा वयाने मोठा. दोन्ही घरांत आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जात.

२००४च्या उन्हाळ्यात सत्यवानची मुलगी जान्हवी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळ अशक्त होतं, छातीतून सारखी घरघर यायची. एके दिवशी सत्यवानची बायको सावित्री कुंपणाशी आली.

"सहदेवा, धंदो बंद कर म्हणान सांगूक येवक नाय मी. पण त्या रेझिनाचो वास घरात भरता रे. पोराक श्वास गावना नाय."

सहदेवला वाईट वाटलं. फायबर चिकटवायचं ते रेझिन कालवलं की त्याचे स्वतःचेही डोळे चुरचुरत. तो म्हणाला, "वयनी, सकाळचो वारो दर्याकडे जाता. काय ता सकाळीच करतलंय. दुपारनंतर रेझिनाक हात लावचंय नाय."

आणि त्याने ते पाळलं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो डबे झाकून ठेवी आणि खिळे, दोऱ्या, असली कामं करी. कामं मागे पडू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली, तरी त्याने पाळलं.

मे संपता संपता बाबली टेम्पोत होडी घालून आला. खडकावर आपटून होडीचा तळ फुटला होता. खांदा निखळला त्या दिवशी सहदेवला पाण्यातून वर काढणारा हाच बाबली.

"आज लावलंस तर उद्या होडी पाण्यात," बाबली म्हणाला. "पाऊस लागाक आता कितीसो वेळ? ह्ये दिवस गेले तर पोरांका काय घालू?"

ऊन कलत होतं. माडाच्या झावळ्या पूर्वेकडे झुकल्या होत्या. सहदेवची बायको आनंदी दारात उभी होती.

"वयनीक शब्द दिलास मां?" तिने विचारलं.

"एका दिवसान काय जाता?" तो म्हणाला, आणि त्याने डबा उघडला.

संध्याकाळी सत्यवानच्या दारात रिक्षा थांबली. जान्हवी बाळाला छातीशी धरून धावतच बाहेर आली. बाळाचे ओठ निळे पडले होते. सहदेव हातातला ब्रश तसाच धरून कुंपणाशी गेला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

बाळ वाचलं. काही दिवस कुडाळच्या दवाखान्यात काढून घरी आलं. त्यानंतर एका सकाळी सत्यवान सहदेवच्या पडवीत आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"शेडीविरुद्ध नगरपरिषदेत अर्ज मी केलंय. दुसऱ्याकडून तुका कळूचा नको, म्हणान सांगूक इलंय."

"एक दिवस चुकलंय, भाऊ. त्यासाठी पोटार पाय देतलास?"

"उद्या परत बाबली इलो तर तू नाय म्हणशीत?"



पाहणीला आलेला साहेब तरुण होता, सभ्य होता. त्याने शेड पाहिली, फायबर घासायचा ग्राइंडर पाहिला, रेझिनचे डबे उघडून नाक मागे घेतलं.

"हा रहिवासी विभाग आहे," तो म्हणाला. "घरात शिवणकाम करा, शिकवणी घ्या, कुणी अडवत नाही. पण मोटरवर चालणारी यंत्रं आणि असलं रसायन इथे चालणार नाही."

"साहेब, मी आलो तेव्हा इथे कुणी राहत नव्हतं."

"प्लॉट तेव्हाही राहण्यासाठीच होता ना?"

"मग हे काम करायचं कुठे? समुद्राजवळ?"

"किनाऱ्यालगत शेड घालायला वेगळी परवानगी लागते. ती मिळणं अवघड आहे."

सहदेव तरीही किनाऱ्यावर विचारून आला. मग मसुऱ्याला आनंदीच्या भावाच्या शेतात जागा बघितली. ती शेतजमीन. तिथेही आधी बिनशेती करा म्हणाले. शिवाय होडी एवढ्या आत कोण घेऊन येणार? माणसाच्या घरापाशी नको, पाण्यापाशी नको, भातापाशी नको. ऐन पावसात त्याने स्वतःच पत्रे उतरवले. आनंदी खालून एकेक पत्रा धरत होती. सत्यवानच्या घराची खिडकी उघडी होती, पण तिथे कुणी नव्हतं.

श्रावणात तो गोव्यातल्या त्याच जुन्या कारखान्यात परत गेला, आता दुसऱ्याच्या हाताखाली. आनंदी घरी एकटी राहिली.

चतुर्थीला तो दोन दिवसांसाठी आला. रिवाजाप्रमाणे भजनाची मंडळी घरोघरी फिरत होती. आनंदी म्हणाली, "जावक होया. देवाच्या कामात राग नको." तो तिच्याबरोबर सत्यवानकडे गेला आणि दाराशीच उभा राहिला. जान्हवीच्या कडेवर बाळ होतं, गुटगुटीत झालेलं. सावित्रीने बाळाला घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

सहदेवने हात पुढे केले आणि मागे घेतले.

"नको वयनी. कपड्याक वास असतलो."

"धुतलेले आसत ते, दिसता माका," सावित्री म्हणाली.

तरी त्याने घेतलं नाही. सत्यवानने त्याच्यासाठी पाट मांडला, करंज्यांची ताटली पुढे सरकवली. दोघांनी पावसाबद्दल विचारपूस केली. मृदंग सुरू झाला तसं बोलायची गरज उरली नाही.

घरी येताना आनंदी म्हणाली, "घर विकूया. मी येतंय थंय गोव्याक."

"थंय कारखान्यामागे भाड्याची खोली," तो म्हणाला. "दिवसभर तोच वास. त्या वासात ऱ्हवतलंस तू?"

आनंदीने कडी काढली आणि आत जाऊन दिवा लावला. सहदेवने अंगातला सदरा काढून पडवीतच दोरीवर टाकला आणि मग तो आत गेला.