अणूचं शेवटचं चित्र

सुभद्राबाईंचा गुरुवारचा नेम होता. दत्ताला नैवेद्य दाखवायचा, एका विद्यार्थ्याला पोटभर जेवू घालायचं आणि मगच संध्याकाळी आपला उपास सोडायचा. श्रीधर शाळेत असताना वार लावून, रोज एकेका घरी जेवायचा. त्यातला गुरुवार सक्करदऱ्याच्या वस्तीतल्या ह्या घरी. आता, अठ्ठ्याहत्तर साली, तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता, शाळेच्या नव्या पाठ्यपुस्तकाच्या समितीवर होता; तरी गुरुवार त्यानं चुकवला नव्हता.

त्या दिवशी तो पाटावर टेकल्याबरोबर सुभद्राबाईंच्या यजमानांनी, वामनरावांनी विचारलं, "माझा धडा कुठवर आला गा?"

जन्मभर मास्तरकी केलेल्या वामनरावांचं काही छापून यायची ही पहिलीच वेळ. नव्या पुस्तकातला तो धडा अणूचा होता.

"छान उतरलाय सर," श्रीधर म्हणाला. "थॉमसनचा अणू म्हणजे लाडू, त्यात विजेचे कण बेदाण्यांसारखे रुतलेले. मग त्याच्याच शिष्यानं, रदरफोर्डनं, सोन्याच्या पत्र्यावर कणांचा मारा केला अन् गुरूचा लाडू फोडला. वर्गात तुम्ही रंगून सांगायचे, अगदी तसंच. फक्त शेवटचं पान…"

"त्याले काय झालं?"

"सूर्याभोवती ग्रह, तसे इलेक्ट्रॉन फिरतात, आणि हेच अणूचं शेवटचं चित्र, असं तुम्ही लिहिलंय. ते चित्रही कधीच मागे पडलं सर. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याचा संभव किती, एवढंच सांगता येतं. चित्र राहू द्या. 'शेवटचं' तेवढं काढू, खाली दोन ओळी टाकू."

"म्हणजे मी जन्मभर खोटं शिकवलं?"

"खोटं काहून, सर? त्या काळी सगळ्यांना तेच खरं वाटत होतं."

वामनराव ताठ झाले. तो ताठा सुभद्राबाईंच्या ओळखीचा होता. त्या घाईघाईनं वरणाची वाटी घेऊन पुढे झाल्या. "आधी जेवू द्या न त्याले."

"जेवूच तर घातलं! ह्या घरच्या अन्नावर शिकला अन् आता मलेच शिकवून राहिला. एका अक्षराले हात लावायचा नाही, श्रीधर. काकूच्या अन्नाची आठवण असंल तर."

सुभद्राबाईंनी वाटी ताटाशी ठेवली. आपण कुणाला जेवू घालतो हे त्यांनी कधी शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. दिलेलं बोलून दाखवलं की ते देवापर्यंत पोचत नाही, अशी त्यांची श्रद्धा.

"अहो, तो माझा नेम आहे. त्याले ह्याच्यात आणू नका."

"तू चूप बस वं."

श्रीधरनं वरण भातावर ओतलं. मग म्हणाला, "जसं लिहिलं तसंच छापून येईल, सर." त्यानं ताट स्वच्छ केलं, शीतही उरू दिलं नाही. हात धुऊन काकूंच्या पाया पडला. "जातो, काकू."

"येतो म्हण रे बाबा."

"नाही काकू. आता फिटलं."

तो गेला. "पाहिलं? ऐकते पोरगं अजून," म्हणत वामनरावांनी आणखी भात मागितला. सुभद्राबाईंनी वाढला.

त्यानंतरच्या गुरुवारी कुणी आलं नाही. पुढेही नाही.

जूनमध्ये पुस्तक आलं. विदर्भातली पोरं ते पान घोकू लागली. वामनरावांनी पुस्तक देवापुढे ठेवलं आणि हाक मारली, "अवं, कुंकू लाव ह्याले."

"तुम्हीच लावा," सुभद्राबाई आतून म्हणाल्या. "माझे हात खरकटे आहेत."

गुरुवार होता. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.