जे पत्र पुन्हा पुन्हा येतं

प्रेस्टन गॉल्टने माझ्या टेबलावर आपटलेलं ते पुस्तक वजनाला चांगलं होतं. गुळगुळीत कागद, पानोपानी बक्षीस मिळालेल्या जाहिराती आणि शेवटी बक्षीस घेणाऱ्यांचे काळ्या सुटातले फोटो. यातून शिका, तो म्हणाला, आणि जरा आटोपशीर लिहा. आमचा मालक लाइल हाल्वर्सन याने त्याला जाहिरातींच्या सल्ल्यासाठी नेमलं होतं आणि तो आठवड्यातून दोनदा शिकागोहून यायचा. मी त्याच कंपनीत चौदा वर्षं टपाल उघडत होते. मला सल्ला कुणी कधी विचारला नव्हता.

आम्ही बागकामाची अवजारं टपालाने विकायचो. आयोवातलं आमचं गाव एवढंसं, पण माल विकणारी आमची पत्रं चाळीस राज्यांत जायची. १९८४ च्या जानेवारीत पत्रं लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला. वसंतातल्या मालाचं पत्र लिहायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी म्हटलं, मी लिहिते. लाइल हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने अट घातली. पत्र चाललं तर लिहिणाऱ्याची खुर्ची माझी. नाही चाललं तर मी परत टपालखोलीत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मला ती खुर्ची हवी होती. एक्केचाळीस वर्षांची झाले होते, आणि उरलेला जन्म दुसऱ्यांची पाकिटं फाडण्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

माल होता गुडघे टेकायचं बाकडं. खाली गादी आणि दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे. गादीवर गुडघे टेकून तण काढायचं आणि उठताना दांड्यांवर हातांनी जोर द्यायचा. आमची बहुतेक गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची, त्यामुळे माल चांगला होता. पत्र मात्र जमत नव्हतं. गॉल्टच्या पुस्तकात बघून मी तीन मसुदे लिहिले. तिन्हींत पहिलं वाक्य फार हुशार होतं आणि त्याखाली काही नव्हतं. तिसरा वाचून मला माझीच लाज वाटली.

तो मसुदा पर्समध्ये कोंबून मी शेजारच्या हुल्डा ब्रेक्केबाईंकडे कॉफीला गेले. ब्रेक्केबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. अर्ध्या अमेरिकेतल्या कंपन्यांच्या टपालयाद्यांवर त्यांचं नाव होतं, कारण त्या टपालाने वस्तू मागवायच्या आणि आलेला एकही कागद फेकायच्या नाहीत. १९३० च्या मंदीत दिवस काढलेली माणसं ती. कोऱ्या पाठीचा कागद टाकून देणं त्यांना अन्न टाकण्याइतकं जिवावर यायचं. त्या दिवशीचं टपाल टेबलावर पडलं होतं आणि त्या पाठीचा पट्टा विकणाऱ्याच्या एका जाड पाकिटाकडे बघून करवादत होत्या.

"हा मेला परत आला," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. तेच पत्र, तीच पाठदुखी, तीच याची बायको गोठ्यात पडलेली. एक शब्द बदलायचा आळस."

मी कप खाली ठेवला. अकरा वर्षं तेच पत्र? मी चौदा वर्षं टपालखोलीत काढली होती, तिकिटं काय भावाने पडतात ते मला पाठ होतं. जे पत्र विकत नाही, ते दुसऱ्यांदा पाठवायला कुठलाही मालक धजत नाही. आणि हा माणूस अकरा वर्षं धजत होता. गॉल्टच्या पुस्तकातली एकही जाहिरात दोन महिन्यांच्या वर छापली गेली नव्हती. बक्षिसं देणारे जाहिरातवालेच, घेणारेही तेच. ज्या बाईने स्वयंपाकघरात बसून चेक लिहायचा, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं, असे आणखी कोण कोण परत येतात? त्यांनी मला तळघरात नेलं. बटाट्यांच्या खोक्यांत पत्रं रचलेली होती. आम्ही फरशीवर बसून ती लावली. थोड्या वेळा येऊन थांबलेली एकीकडे, पाच वर्षांहून जास्त येत राहिलेली दुसरीकडे. दुसऱ्या ढिगात सहाच उरली. सहाही लांबलचक होती, सर्वांत छोटं आठ पानांचं. एकातही मॉडेलचा फोटो नव्हता.

ती सहा पत्रं मी घरी आणली आणि हाताने उतरवून काढली. टंकलेखन नाही, हाताने, रेघांच्या वहीत, रोज कामावर जायच्या आधी पाच पानं. मनगट सुजलं. पण डोळ्यांनी वाचताना जे निसटतं, ते हाताने लिहिताना निसटत नाही. मनात शंका यायची, आणि पुढच्याच ओळीत तिचं उत्तर माझ्याच हाताने उतरायचं. ही माणसं हुशारी दाखवत नव्हती. शेजारी बसून बोलत होती आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष होतं.

मग ब्रेक्केबाईंनी ती पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवली. कुठे कंटाळा आला, कुठे शिवी द्यावीशी वाटली, सगळं सांगितलं. त्या पाठदुखीवाल्याकडून त्यांनी तीनदा पट्टा मागवला होता. का, म्हणून विचारलं तर सहाव्या पानावर बोट ठेवलं. तिथे त्याने लिहिलं होतं की तुमचं दुखणं पायात उतरत असेल तर माझा पट्टा घेऊ नका, डॉक्टरकडे जा. "तिथे माझा याच्यावर विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "तोवर मला वाटत होतं, लबाड आहे."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून नमुन्याचं बाकडं उचललं आणि त्यांच्या परसात नेलं. बर्फ नुकतं वितळलं होतं. ब्रेक्केबाई गुडघ्यांवर बसल्या, छान बसल्या. उठताना दांडे धरले आणि तशाच राहिल्या. दोन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. जोर येईना. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, तेव्हा त्या भयंकर चिडल्या होत्या.

"मी एकटी असते तर संध्याकाळपर्यंत चिखलातच बसले असते," त्या म्हणाल्या. "हे लिही तुझ्या पत्रात."

मी लिहिलं. आठ पानं झाली. सातव्या पानावर परिच्छेद होता: तुमची मनगटं किंवा खांदे अधू असतील तर हे बाकडं घेऊ नका. माझी शेजारीण यावरून उठू शकली नाही. खाली मी माझं नाव घातलं.

गॉल्टने पानं मोजली आणि विचारलं, हे पत्र आहे की कादंबरी? आठ पानं कोण वाचतं? मी म्हटलं, ज्याचे गुडघे दुखतात तो वाचतो, तुमचे दुखत नाहीत म्हणून तुम्हाला कंटाळा येतोय. लाइलने खोकला आल्याचं सोंग केलं. गॉल्टने स्वतःचं एक पान पुढे सरकवलं: मोठा फोटो, गुलाबाशेजारी हसणारी तरुण बाई, खाली सहा ओळी. ती बाई तिशीची होती. तिला बाकडं कशाला हवंय, असं मी विचारलं.

मी लाइलला सांगितलं, दोन्ही पाठवा, दोन-दोन हजार लोकांना, एकाच दिवशी. कोण वाचतं ते त्यांनाच ठरवू दे. तो कबूल झाला. मार्चच्या पहिल्या सोमवारी पाकिटं गेली.

पुढचे तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही, हे कबूल करते. टपाल मीच उघडत होते, त्यामुळे कुणी सांगायची वाट बघायची नव्हती. पहिल्या आठवड्यात दोन्ही ढीग बरोबरीने चालले. दुसऱ्यात माझा पुढे गेला. तिसऱ्या शुक्रवारी गॉल्टच्या एका मागणीमागे माझ्या चार होत्या. गॉल्टने कागद बघितला, टपालखात्याने गोंधळ केला असणार म्हणाला आणि दुपारच्या गाडीने शिकागोला गेला.

लाइलने मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. त्याच्यासमोर छपाईचा हुकूम होता, दोन लाख पत्रांचा. शेजारी एक वेगळा गठ्ठा होता. ते मागणीचे कोरे अर्ज होते. मागणी न करता लोकांनी ते परत पाठवले होते आणि वर हाताने लिहिलं होतं: माझी मनगटं गेलीत, सांगितलंत ते बरं केलंत. असे एकोणतीस.

"खुर्ची तुझी," लाइल म्हणाला. "पत्रही जाईल, आठही पानं. फक्त सातव्या पानावरचा तो परिच्छेद काढ."

"नाही काढणार."

"आर्लीन, ही एकोणतीस गिऱ्हाइकं आपण हाताने हाकलली. दोन लाखांत किती होतील, तूच सांग."

मी सांगितलं. गुणाकार मलाही येतो. त्याने दुसरा उपाय काढला: एक लाख परिच्छेदासकट, एक लाख त्याशिवाय. तुझाच नियम, म्हणाला, लोकांना ठरवू दे. माझ्याच चाबकाने मला मारत होता, आणि चूक नव्हता. परिच्छेद काढला तर माल जास्त खपेल की कमी, हे मला खरंच माहीत नव्हतं. जास्तच खपेल, असं मला आतून वाटत होतं.

"खपेल जास्त," मी म्हटलं. "तरी नाही काढणार. तुमच्या यादीत ब्रेक्केबाईंसारख्या हजारो आहेत, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या परसात काखेत हात घालायला मी नसेन. पैसे परत मागायलासुद्धा त्यांना आधी उठून उभं राहावं लागेल."

"मग खाली माझं नाव घालतो. तुझ्यावर काही येणार नाही."

"घाला. पण आधी ब्रेक्केबाईंच्या दारात जा आणि त्यांना तोंडाने सांगा की बाकडं घ्या. त्या हो म्हणाल्या तर परिच्छेद मी स्वतः खोडते."

ब्रेक्केबाईंनी त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत चार वर्षं शिकवलं होतं. त्यांच्या तोंडावर हे सांगणं त्याला जमणार नव्हतं. मग त्याने विचारलं, मी नाहीच म्हटलं तर काय करशील? मी म्हटलं, उद्यापासून टपालखोलीत बसेन, परवापासून दुसरी कंपनी शोधेन, आणि हे पत्र घेऊन जाईन, कारण ते माझं आहे.

त्याने ते एकोणतीस अर्ज पुन्हा एकदा चाळले. एक जरा जास्त वेळ वाचला. मग छपाईचा हुकूम पुढे ओढला, त्यावर "आहे तसंच, आठही पानं" असं लिहिलं आणि सही केली. मी कागद उचलला आणि छापखान्याकडे निघाले. आभार मी मानले नाहीत.