दगडाची भूक

"मॅडम, दगडाला भूक लागते का?"

वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग फिस्सकन फुटला. हा प्रश्न भिंगरीच्या डोक्यातून आलेला नव्हता. मागच्या बाकावरच्या भोंगा आणि मिरची या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला भरीस घातलं होतं. "विचारून दाखव, मग तुला मानलं!" गेल्या वर्षीपर्यंत हीच भिंगरी हजेरीला 'हजर' म्हणतानाही कानापर्यंत लाल व्हायची. यंदा मात्र तिला कंठ फुटला होता, आणि एकदा फुटल्यावर तो आवरायचा कसा हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले होते. एकावर 'सजीव', दुसऱ्यावर 'निर्जीव'. सुट्टीआधीचा शेवटचा तास. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि मॅडमचा सगळा जोर पेपर तपासण्यात संपला होता. त्यांनी हातातला खडू ठेवला आणि खिडकीपाशी असलेल्या माशांच्या टाकीकडे बघितलं. टाकीत पाच सोनेरी मासे, तळाला शेवाळलेले दगड, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडत पाणी गाळणारा, काळपट स्पंजाचा गाळप्या.

"सुट्टीत ही टाकी कुणीतरी न्यायचीच आहे," मॅडम म्हणाल्या. "तू ने. उत्तर तीच देईल. रोज चिमूटभर खाद्य टाक. बाकी काहीही करायचं नाही. कळलं? काहीही."

"वर्गात हशा मिळवायला गेली आणि गळ्यात धोंडा घेऊन आली," भोंगा म्हणाली.

"धोंडा नाही, धोंडे," मिरचीने तळाकडे बोट दाखवलं. "वर पाच मासे फुकट!"

भिंगरीच्या आईबाबांचं धुलाईचं दुकान होतं. खाली यंत्रं, वर दोन खोल्या. दवाखान्याच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ, लोकांचे शर्ट, पडदे, गोधड्या, सगळ्या गावाचा मळ त्यांच्या दारी. यंत्रं दिवसभर घुंऽऽ करत आणि ती घरघर जिन्यावरून वर येऊन जेवणाच्या ताटालाही कंप आणायची. बाबा इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या डुलक्या काढत. आईच्या बोटांची टोकं कायम भिजवलेल्या बदामासारखी सुरकुतलेली. संध्याकाळ झाली की घरात कुणी पूर्ण वाक्य बोलत नसे. "ते जरा..." आई म्हणायची. "हं," बाबा म्हणायचे. आणि ते जे काही असेल ते कुणीतरी पाय ओढत उठून करायचं.

टाकी खालीच ठेवली, गल्ल्याशेजारच्या फळीवर. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली. डाग दिसला की आईच्या नाकपुड्या फुगत, तशा त्या फुगल्या.

"किती कळकट गं ही!"

"आई, मॅडम म्हणाल्यात, काही करायचं नाही."

"हो, हो," आई म्हणाली.

तिथेच सगळं फसलं. कारण 'काही करायचं नाही' हे वाक्य आई गेली कित्येक वर्षं ऐकत आली होती. गिऱ्हाईक यायचं, शर्ट टाकायचं आणि म्हणायचं, "काही विशेष नको हो, नुसता पाण्यातून काढा." आणि तो नुसता पाण्यातून काढलेला शर्ट घ्यायला आलं की कॉलर उलटी करून विचारायचं, "हे काय, मळ तसाच?" तेव्हापासून आईने कानाला खडा लावला होता. लोक संकोचाने नको म्हणतात. आपण मात्र करून द्यायचं.

दोन दिवसांनी भिंगरी मिरचीकडे गेली असताना आई टाकीच्या हात धुऊन मागे लागली. मासे बादलीत काढले. दगड चादरींच्या उकळत्या पाण्यात घातले, मग ब्रशने घासले, पार पांढरे होईस्तोवर. काचा आतून बाहेरून चकचकीत. गाळप्याचा काळा स्पंज काढून टाकला आणि तिथे नवाकोरा पिवळा बसवला. नळाचं ताजं पाणी भरलं. भिंगरी आली तेव्हा टाकी अशी लखलखत होती, की तिला आधी वाटलं टाकी रिकामीच आहे.

"कशी दिसते?" आईने विचारलं. कमरेवर हात, केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळ्यांखाली काळं. पण चेहरा इतका खूश, की भिंगरीने मॅडमचं वाक्य तसंच गिळलं.

"छान," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंडं उघडझाप करू लागले. "भूक लागली असेल," बाबा म्हणाले आणि जास्तीचं खाद्य टाकलं. ते कुणी खाल्लं नाही. पांढऱ्या दगडांवर जाऊन बसलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी शेपटी फाटलेला मासा, ज्याला भिंगरी 'झालर' म्हणायची, आडवा तरंगताना दिसला.

भिंगरी मटकन खुर्चीत बसली. मग उठली, मॅडमचा नंबर शोधला आणि फोन लावला. तोंड उघडलं तेव्हा वर्गात गाजणारा तिचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. सगळ्या माशांची तब्येत बिघडलीय आणि आईने टाकी धुतली, एवढंच ती सांगू शकली. झालर मेल्याचं ओठांवर आलंच नाही.

मॅडमनी मोठा उसासा सोडला. "दगड पण धुतले?"

"उकळले."

"अगं देवा. हे बघ, मासे त्याच पाण्यात राहतात आणि त्याच पाण्यात घाण करतात. त्या घाणीचं विष होतं. दगडांवर, स्पंजात बारीक जंतू असतात. ते त्या विषावरच जगतात, म्हणून मासे जगतात. उरलं सुरलं शेवाळ खातं. दगड जिवंत नसतो, पण रिकामाही नसतो गं. त्याच्यावर बिऱ्हाडं असतात. ती तुम्ही उकळून काढलीत."

भिंगरीने विचारलं, "आता?"

"आता पाणी बदलत राहायचं. रोज थोडं. तेही नळाचं तसंच ओतायचं नाही. त्यात औषध असतं, ते उडून जाईपर्यंत, दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं. खाद्य अगदी नावाला. जुना स्पंज असता तर नवी बिऱ्हाडं लवकर बसली असती."

आई शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिचे हात पदराला पुसून पुसून कोरडे झाले तरी ती पुसतच होती.

"फेकला असशील ना?" भिंगरी म्हणाली. विचारताना आवाजाला नको ती धार आलीच.

आई खाली बघत म्हणाली, "नाही फेकला. त्या दिवशी एवढी दमले होते, मागे मोरीत टाकीतल्याच जुन्या पाण्याची बादली होती, त्यात टाकला आणि म्हटलं, उद्या बघू. आजवर कधी उद्यावर काही टाकलं नाही मी. त्या दिवशी हातच उचलेना."

भिंगरी मागच्या दारी धावली. बादलीत गढूळ पाण्यावर तो काळा, बुळबुळीत, ओंगळ स्पंज पडलेला होता. तिने तो दोन्ही हातांनी असा उचलला, जसं काही तान्हं बाळच, आणि नेऊन गाळप्यात परत बसवला. त्या घरात घाण बघून कुणी इतकं हरखलं असेल, असं आजवर झालं नव्हतं.

त्यानंतरची सुट्टी म्हणजे नुसत्या बादल्या. मैत्रिणी पोहायला गेल्या, भिंगरी बादल्या उचलत राहिली. सकाळी भरायची, दिवसभर उघडी ठेवायची, दुसऱ्या सकाळी तांब्याने हळूहळू टाकीत सोडायची, आणि तेवढंच जुनं पाणी काढायचं. खांदे दुखायचे. मासे कधी जरा बरे वाटायचे, कधी पुन्हा वर येऊन तोंडं वासायचे. पाण्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं; दिसायचा तो नुसता कंटाळा. रोज तेच. भोंगाने फोनवर विचारलं, "काय गं, दगड जेवले का?" आणि भिंगरीला हसू आलं नाही. दगड खरंच उपाशी होते.

मात्र एक नवंच घडू लागलं. पाण्याच्या बादलीला हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, नुसतं थांबायचं, हे आईला जमेना. म्हणून ती बादलीवर पहारा द्यायला पालथ्या टोपलीवर बसायची. बसली की मासे बघायची. बघता बघता तिची मान कलायची. भर दुपारी, यंत्रं घुंऽऽ करत असताना, आई बसल्या जागी झोपायची. बाबा तिकडे बघायचे आणि गिऱ्हाइकाला बोटाने गप्प करायचे.

सुट्टी संपत आली तेव्हा दगडांवरचा पांढरेपणा मावळला होता. मागच्या काचेवर हिरवट साय आली. उरलेले चारही मासे आता खाली, दगडांच्या आसऱ्याला फिरत. खाद्य टाकलं की धावत. भिंगरीने बोट लावून एक दगड चाचपला. बुळबुळीत लागला. तिचा दिवस सार्थकी लागला.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी दुकान आवरताना आईच्या नाकपुड्या पुन्हा फुगल्या.

"उद्या ही अशी न्यायची? धुलाईवाल्यांच्या घरून? लोक शेण घालतील तोंडात. काच तेवढी..."

"आणि चार मासे नेऊन कसं चालेल?" बाबा इस्त्री बाजूला ठेवत म्हणाले. त्यांनी गल्ल्याखालून गुंड्यांची बरणी काढून टेबलावर ठेवली. गिऱ्हाइकाच्या शर्टाची गुंडी यंत्रात तुटली की बाबा त्या बरणीतून तस्सीच गुंडी शोधून लावून द्यायचे. आजवर एकालाही पत्ता लागला नव्हता. "चौकातल्या दुकानात असाच सोनेरी मिळतो. शेपटीला जरा कात्री... नको, कात्री नको. पण कोण बघतंय बारकाईने? तुला कुणी बोल लावायला नको, एवढंच."

आईने भिंगरीकडे ज्या नजरेने बघितलं त्यात सगळं होतं. मासा आपल्या हातून गेला, हे तिने अजून कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. नवा मासा आला असता तर ते कधीच सांगावं लागलं नसतं.

भिंगरीला ते कळलं. तिने बरणीकडे बघितलं, मग टाकीकडे. चौघांपुरती बिऱ्हाडं कशीबशी बसली होती. पाचव्याची घाण आत्ताच त्यांना पेलायची नाही. आईला वाचवायला पाचवा मासा आणला, तर बाकीचे चार पुन्हा वर येऊन तोंडं वासतील. आणि आई पुन्हा रात्रंदिवस घासत बसेल, काहीतरी पुसून टाकायला.

तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती उचलून परत गल्ल्याखाली ठेवली.

"आई, बाबा, ऐका, माझं ठरलंय," ती म्हणाली. आवाज तोच होता, दगडाच्या भुकेबद्दल विचारणारा, फक्त जरा दमलेला. "नवा मासा आणायचा नाही. टाकी धुवायची नाही. हवं तर आई, समोरची काच पूस, बाहेरून. झालर मेली, कशाने मेली, ते मी उद्या वर्गात उभी राहून सांगणार आहे. आपण धुतली म्हणणार, आईने धुतली असं नाही. आणि ही टाकी मला एकटीला उचलत नाही, तेव्हा तुम्ही दोघांनी बरोबर यायचं, उद्या दुकान दुपारी उघडेल. मी मघाशीच दारावर तशी पाटी लावून आलेय."