तुझी जीभ, माझे हात

मित्रांनो, मी एक जुना दगडी खलबत्ता. ज्या पाथरवटाने मला घडवलं त्याचा हात चांगला होता, पण त्याला घाई फार. त्यामुळे माझी एक बाजू जरा बसकी राहिली. दुकानात मला कुणी हात लावीना. शेवटी एका नव्या नवरीने मला उचललं आणि म्हणाली, "बसका आहे ना, मग जागचा हलणार नाही!"

तिच्या ओट्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. तिच्या हाताला चव होती. पाहुणे बोटं चाटत उठायचे. यथावकाश ती सासूबाई झाली.

मग तिला एक मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. एकदा तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. मुलगा पाणी पीत पीत जेवला. ते तिच्या लक्षात आलं. "आता माझं तिथे काय काम?" म्हणत ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली. मैत्रिणींना जेवायला बोलावणंही तिने सोडलं. मलाही मागच्या दाराशी ठेवलं, वाऱ्याने ते आपटू नये म्हणून. मी तिथे धूळ खात बसलो.

एके दिवशी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. सासूबाई धरून त्या तिघी पूर्वी टेलिफोन ऑफिसात एकत्र कामाला होत्या. "रविवारी येतोय गं. तुझ्या हातचं खाऊन किती दिवस झाले!"

सासूबाईंचा चेहराच उतरला. "मी आजारी आहे म्हणून कळव त्यांना," त्या सुनेला म्हणाल्या.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ती शांतपणे विचारते. ती म्हणाली, "आई, थाई करी करू या. सोपी असते. नारळाचं दूध, एक वाटण आणि भाज्या. त्यांच्यापैकी कुणी ती खाल्लेली नसणार. मग तुलना कशाशी करतील?"

"आणि बिघडली तर?"

"तर ती अशीच असते म्हणायचं!"

सासूबाईंना हसू आवरेना.

रविवारी गवती चहाचे धागे मिक्सरच्या पात्यात अडकले. मिक्सर घरघरला आणि बंद पडला. सून डोक्याला हात लावून उभी. सासूबाई तडक मागच्या दाराशी आल्या, मला दोन्ही हातांनी उचललं, धुतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"सरक. हा मिक्सरचा घास नव्हे."

मिरच्या, लसूण, आलं, गवती चहा, कोथिंबिरीच्या काड्या. वास येत नव्हता, म्हणून त्या कान देऊन कुटत होत्या. आधी कचकच, मग चपचप, आणि मग बत्ता मऊ रुतायला लागला. "झालं!" त्या म्हणाल्या. काय सांगू मित्रांनो, माझ्या दगडाच्या अंगातही ऊब आली!

सुनेने नारळाच्या घट्ट दुधात वाटण परतलं, उरलेलं दूध ओतलं, भाज्या सोडल्या. "मीठ कमी आहे, आई."

"किती हवं ते सांग. तुझी जीभ, माझे हात."

शेवटी सासूबाईंनीही चमचाभर घेऊन बघितली आणि त्यांना जोरात ठसका लागला. "अगं, चव नाही कळली, पण तिखट लागलं! खरंच लागलं!"

मैत्रिणी जेवायला बसल्या. एकीने विचारलं, "आलं जरा जास्त झालंय का गं?"

सून काही बोलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "मला नाही कळायचं. तापापासून मला वास येत नाही, चवही नाही."

त्या मैत्रिणीने चमचा खाली ठेवला.

"म्हणून टाळत होतीस होय? आम्हाला वाटलं, रागावलीस!" ती मैत्रीण म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आता माझ्याकडे ये. माझ्या नवऱ्याच्या हातचं मुकाट्याने खाणारं कुणीतरी हवंच होतं."

सगळ्या इतक्या हसल्या की भात वाढायचा राहिला. करीचं पातेलं मात्र पुसून निघालं.

आता मी रोज ओट्यावर असतो. मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू असेल, तिला धुऊनपुसून जरूर ठेवा. पण घरातलं एखादं माणूस कामातून हळूच बाजूला झालं असेल, तर त्याला नुसतं "तुम्ही बसा" म्हणू नका. "जरा हे बघता का?" म्हणून हाक मारा. आमच्या घरी आता ती हाक रोज ऐकू येते, आणि सासूबाई पदर खोचत आत येतात.