एक जूनचा माणूस

माझा नवरा सरकारी नोकरीत नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं पडलं. त्याच्या गावाने, निम्म्या मोडनिंबने, दिग्विजयच्या नोकरीचे पेढे खाल्लेत, पण पेढ्यांना पुरावा कोण मानतो?

आम्ही वेगळे झाल्यावर त्याला ही नोकरी लागली. कोणत्या खात्यात, ते मला कुणी धड सांगेना. कोर्टात मात्र स्वारी मळका सदरा घालून आली आणि म्हणाली, शेती आहे, तीही कोरडवाहू, पोरीला कुठून देऊ? कोर्टाने पोटगी ठरवली, याने एक रुपया दिला नाही. शेवटी जज्जबाईंनी जिल्ह्यातल्या सरकारी पगारदारांच्या नोंदींत त्याला शोधायला सांगितलं. सापडला की पोटगी थेट पगारातून कापायची. इकडे शाळेने आरोहीला फीसाठी वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली होती. पोर घरी येऊन नुसती नखं खायची.

“नाव आणि जन्मतारीख, दोन्ही जुळायला लागतं मॅडम,” जिल्हा कोषागारात पगार बिलं बघणारे महेश्वर म्हणाले. “दहा नोव्हेंबरचा असा माणूसच नाही.”

“नुसतं नाव टाकून बघा की.”

“तशी सोय नाही.”

तारीख चुकणं शक्यच नव्हतं. लग्नात पत्रिका जुळवली होती, दिवाळीच्या पाडव्याचा जन्म. संसार केला तितकी वर्षं पाडव्याला मी त्याला दोनदा ओवाळलंय, एकदा नवरा म्हणून, एकदा वाढदिवसाचं. बाकड्यावर बसवेना. व्हरांड्यात येरझाऱ्या घालता घालता मी तिरीमिरीत सासूबाईंना, गोजरआत्यांना, फोन लावला. दिग्विजयने मला घराबाहेर काढलं तेव्हा ही बाई मान खाली घालून भाकरी थापत होती. तेव्हापासून मी अबोला धरला होता.

“आत्या, सोलापुरात कोषागारात उभी आहे. तुमच्या लेकाला सरकार ओळखत नाही म्हणे! दहा नोव्हेंबरला जन्मलेला असा नोकरच नाही.”

पलीकडून खट्कन फोन बंद. मी मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेले. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. घरात जीव थाऱ्यावर नव्हता. कार्यालयाच्या पायरीवर गोजरआत्या बसलेल्या, मांडीवर मोठी पिशवी.

“काल त्यो शेजारीच बसला व्हता,” त्या उठत म्हणाल्या. “चल आत.”

महेश्वरांसमोर उभ्या राहून त्यांनी दम घेतला. “सायेब, एक जून टाका.”

“जन्म नोव्हेंबरचा ना आजी?”

“जल्म मी दिला, तारीख मास्तरनं दिली. शाळंत घालायचं तर पोरगं सा वर्साचं भरंना. मग मास्तरनं एक जून मांडला. आमच्या आळीतली समदी पोरं एक जूनचीच हायती.”

महेश्वरांनी कपाळावर हात मारला. “अहो, माझाही एक जूनच की! कालच सुचायला हवं होतं.”

सोलापुरात दवाखान्यात जन्मलेल्या मला हे कुठलं सुचायला! त्यांनी तारीख टाकली आणि दिग्विजय आला. नाव, गाव, खातं, सगळं समोर. मला रडूच फुटलं.

“हाच तो, अशी कुणीतरी सही द्यावी लागेल,” महेश्वर जरा अवघडून म्हणाले. “आणि कुणी दिली, ते त्यांना कळणार.”

“कळू द्या,” म्हणत आत्यांनी पेन घेतलं. एकेक अक्षर जुळवत सही केली.

बाहेर आलो तर त्यांच्या पिशवीत फोन वाजायला लागला. त्या घेईनात. तो काढून द्यायला मी पिशवीत हात घातला, तर आत चार लुगडी, गोळ्यांची पाकिटं, उशीचा अभ्रासुद्धा.

“आत्या, एवढं सामान?”

“आता तितं भाकर गोड लागायची न्हाय मला. बघते, माळशिरसला भनीकडं हाय जागा थोडी.”

इतकी वर्षं जपलेला माझा राग ऐनवेळी कुठे गेला, देव जाणे.

“काही भनीकडं नको. बसा गाडीवर. आरोहीची शाळा सुटेल आता.”

त्यांनी सीट धरली, पण बसल्या नाहीत.

“वळखील का गं ती मला?”

मी पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि गाडी चालू केली.