सेफिताचा तुकडा

टोंगा बेटांवरची लुपेताई रोजची आठवण कॉम्प्युटरवर साध्या अक्षरांत लिहून ठेवायची. "फोटो फोनबरोबर बुडतात, अक्षरं कुठेही उघडतात," म्हणायची. एकदा धाकट्या भावानं, हालातोआनं, चावटपणे एका ओळीतलं शेजारच्या सेफिताचं नाव पुसून स्वतःचं घातलं: 'आज मला हालातोआनं समुद्रातून ओढून काढलं.' ताई वाचेल, दोन शिव्या हासडेल, एवढंच. पण त्याआधी ताईला विसरायचा आजार जडला.

आता ती जुनं लिहिलेलं वाचते आणि तेच खरं मानते. दर रविवारी भट्टीत भाजलेल्या डुकराचा मानाचा तुकडा हालातोआलाच. समोर सेफिता हाडं चोखत बसतो.

"खा रे माकडा, तुझ्यामुळे जिवंत आहे."

"ताई, तुला सेफितानं काढलं. नाव मी बदललं."

"मी लिहिलंय ना? मग गप."

सोमवारी त्यानं ओळ दुरुस्त केली. पुढच्या रविवारी तुकडा सेफिताला गेला. सेफितानं अर्धा तोडून हालातोआच्या पानात ठेवला.